नवे शॉक-स्प्रिंग बसवले, मग हा आवाज कसला?

नवा संच बसवून गाडी जॅकवरून खाली येते, पहिल्याच गतिरोधकावर पुढून 'खट्' असा आवाज होतो आणि सगळे म्हणतात, माल खराब निघाला. क्वचित तसं असतंही. पण शॉकचं (गाडीचे हेलकावे थांबवणाऱ्या नळीचं) सील आणि स्प्रिंगचं पोलाद कारखान्यातून तपासून आलेलं असतं. आपण गाडीखाली आडवे होऊन जे केलं, ते मात्र कुणीच तपासलेलं नसतं. म्हणून दोष शोधताना आधी बसवणी तपासावी, मग टॉप माउंट (शॉकचं वरचं टोक गाडीला धरणारा भाग), बुश (जोडातली रबरी नळी), लिंक (छोटी जोडदांडी) असे पुन्हा वापरलेले जुने भाग, आणि नवा शॉक सगळ्यात शेवटी.

बसवणीत साधारण तीन गोष्टी बिघडतात. काहीतरी आपल्या खाचेत बसलेलं नसतं, वायसर-बुशांचा क्रम चुकलेला असतो, नाहीतर बोल्ट चुकीच्या उंचीवर आवळलेला असतो. तिसरी गोष्ट फार कमी जण पाहतात, म्हणून पुढे तिच्यासाठी जरा जास्त जागा घेतली आहे.

पाना हातात घेण्याआधी

गाडी सपाट जागेवर उभी करा, टायरमध्ये ठरलेली हवा भरा आणि चारही ठिकाणी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मिलीमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची झीज आणि हवा मिसळते. हे चार आकडे पुढे बोल्ट आवळताना, उंची तपासताना आणि गाडी एका बाजूला कलली तर कारण शोधताना लागतील.

नवा भाग खोक्यातून काढला की जुन्याशेजारी ठेवा. खालच्या डोळ्याचा (बोल्ट जातो त्या भोकाचा) व्यास आणि रुंदी, रॉडचे आटे, स्प्रिंगच्या बशीची जागा, ब्रेक होज आणि एबीएस वायरचे ब्रॅकेट, अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांडीच्या) लिंकचा कान हे सगळं जुळवून पाहा. लिंकचा कान उलट्या बाजूला दिसला तर डावा-उजवा शॉक बदललेला असतो. स्प्रिंग जुनीपेक्षा आखूड दिसली तर घाबरू नका. गाडी खाली बसवणारी स्प्रिंग बहुधा आखूड आणि कडक असते. मात्र एकाच मॉडेलच्या डिझेल आणि पेट्रोल गाडीत पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात, कारण इंजिनांच्या वजनात फरक असतो. खोक्यावरचा क्रमांक आपल्याच इंजिनाशी जुळतो का, हे गाडी उघडण्याआधी पाहिलेलं बरं.

टॉप माउंट, त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबताना धक्का झेलणारा ठोकळा) आणि डस्ट बूट (रॉडवरचं धूळ रोखणारं आवरण) नवेच घ्या. इथे काटकसर करून काही वाचत नाही. तेवढ्यासाठी तोच स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंगचा एकत्र जोडलेला खांब) पुन्हा खोलायचा म्हणजे सगळं काम दुप्पट. स्वतःला अडकवून धरणारे लॉक नट आणि कंपनीने एकदाच वापरायला सांगितलेले बोल्टही नवे लागतील. टॉर्कचे (नट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडे आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून काढून कागदावर लिहा. दुसऱ्या गाडीचा आकडा कामाचा नाही.

गाडी जॅकवर उचलली की स्टँडवर टेकवायची, आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना ठोकळे लावायचे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

स्प्रिंग दाबताना

मॅकफर्सन स्ट्रटमध्ये स्प्रिंग शॉकवरच दाबून बसवलेली असते. ती किती जोर धरून असते याचा साधा हिशेब करू. दर मिलीमीटरला २५ न्यूटन कडकपणाची स्प्रिंग १२० मिमी दाबली की ३००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो वजनाइतका जोर तिच्यात साठतो. कॉम्प्रेसरचा (स्प्रिंग दाबायच्या साधनाचा) हुक निसटला तर हा सगळा जोर एका क्षणात बाहेर येतो.

म्हणून दोन्ही हुक बरोबर समोरासमोर लावा आणि जमतील तितकी वेटोळी त्यांत धरा. स्क्रूला तेल द्या. एका बाजूला दोन फेऱ्या, मग दुसऱ्या बाजूला दोन, असं हातानेच आवळा. इथे इम्पॅक्ट गन (ठोके देत नट फिरवणारं यंत्र) लावू नका. स्प्रिंगचं टोक ज्या दिशेला आहे त्या रेषेत कुणी उभं राहू नये, तुम्हीही नाही. स्प्रिंग केळ्यासारखी एका अंगाला वाकायला लागली तर थांबा, सैल करा आणि हुक नव्याने लावा. ती बशीत हाताने हलायला लागली की पुरे. त्याआधी टॉप नटला पाना लावायचा नाही. साधनच डुगडुगतं असेल तर स्प्रिंग बदलण्याचं तेवढं काम भिंतीवरचा प्रेस असलेल्या गॅरेजमधून करून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

सुटत नाही ते सोडवणं

गंजलेल्या बोल्टला आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने घासून घ्या, नाहीतर नट अर्ध्यावर येऊन अडकतो आणि आटे घेऊनच बाहेर येतो. आधी किंचित आवळायच्या दिशेला फिरवून मग सोडवलं तर पकड लवकर तुटते. स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणाऱ्या बोल्टच्या मानेवर बऱ्याच गाड्यांत खाचा असतात. तिथे बोल्टचं डोकं फिरवायचं नाही, नुसतं धरायचं आणि नट फिरवायचा. नट टोकाच्या पातळीपर्यंत आला की त्याच्यावरच हातोडा मारून बोल्ट मागे ढकलता येतो आणि आटे वाचतात.

आच द्यायची वेळ आली तर आसपास रबर बुश, ब्रेक होज किंवा एबीएस वायर नाही ना, हे आधी पाहा. गॅस भरलेल्या शॉकच्या नळीला आच कधीच द्यायची नाही.

काही गाड्यांत स्ट्रट नकलच्या फटीत घट्ट बसवलेला असतो. फट उघडायला छिन्नी ठोकण्याचा मोह होतो, पण नकल अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तडा जाऊ शकतो. फट उघडायचं वेगळं साधन मिळतं, तेच वापरा.

लिंकचा नट फिरवला की आतला बॉलही सोबत फिरतो, ही नेहमीची रडकथा. बोल्टच्या टोकाला एलन किंवा टॉर्क्सचं भोक असतं. ते सुईने साफ करून त्यात की घाला आणि ती धरून नट रिंग पान्याने सोडवा. भोक गोल झालं असेल तर लिंक कापून नवी लावा. जुनी ठेवून तिचीच टकटक पुढे ऐकत बसण्यापेक्षा ते परवडतं.

टॉप नट सोडवताना रॉड फिरतो म्हणून पकडीने रॉड धरण्याचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. जुन्या रॉडला ओरखडा पडला तरी बिघडत नाही, पण हीच सवय नव्या रॉडवर गेली की त्या ओरखड्याची धार सीलवरून दर खड्ड्याला घासते आणि तेल बाहेर येतं. रॉडच्या डोक्यात एलन घालून बाकदार रिंग पाना किंवा आरपार सॉकेट वापरा. नव्या शॉकच्या टॉप नटवर इम्पॅक्ट गन नको. रॉड जोरात गरगरला की आतल्या सीलला आणि पिस्टनच्या नटला मार बसू शकतो.

स्ट्रट सुटला की नकल बाहेर झुकते. तिला तारेने बांधून ठेवा. तशीच लोंबकळू दिली तर एक्सलचा आतला जॉइंट ओढला जाऊन सुटू शकतो. ब्रेक कॅलिपर काढला असेल तर तोही तारेला टांगा, होजवर त्याचं वजन यायला नको. होज आणि एबीएस वायर क्लिपमधून मोकळ्या करायला विसरलात तर त्या ताणल्या जातील.

खाली जुळवणी करताना

जुन्या स्ट्रटचे भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कापडावर मांडून ठेवा आणि फोटो काढा. मग नवा जोडताना चार गोष्टींवर नजर ठेवा.

पहिली गोष्ट, स्प्रिंगचं टोक. बशीत एक पायरी असते आणि टोक त्या पायरीला जवळपास टेकलेलं हवं. ते पायरीवर चढून बसलं तर गाडी त्या कोपऱ्यात उंच राहते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग 'टण्ण' करून घसरते. वरच्या बशीतही हेच पाहा. स्प्रिंगवर छापलेली अक्षरं सहसा सुलटी वाचता येतील अशी बसवायची असतात.

दुसरी गोष्ट, टॉप माउंट. काही माउंटवर बाण किंवा खूण असते, ती कोणत्या दिशेला हवी हे मॅन्युअलमध्ये असतं. बेअरिंगलाही वरची-खालची बाजू असते. ते उलटं बसलं तर स्टीयरिंग जड होतं आणि वळवताना स्प्रिंग पिळली जाते.

तिसरी गोष्ट, वायसर आणि स्लीव्ह, आणि बसवणीतला निम्मा वैताग इथूनच येतो. बाजारातल्या शॉकचा रॉड मूळ रॉडपेक्षा बारीक असू शकतो. ती पोकळी भरायला खोक्यात एक छोटी स्लीव्ह किंवा जाड वायसर दिलेला असतो. तो खोक्याच्या तळाशीच राहिला तर नट पूर्ण आवळलेला वाटतो, टॉर्क रेंचही 'टिक' करतो, पण नट खरं तर आट्यांच्या शेवटाला टेकलेला असतो आणि माउंट रॉडवर सैलच राहतं. टॉप नट आवळल्यावर माउंट दोन्ही हातांनी धरून हलवून पाहा. वर-खाली किंवा आडवं जरासुद्धा हललं तर पुन्हा उघडा. डिशसारख्या वायसरची खोलगट बाजू कुठे होती, हे जुन्या भागांच्या फोटोत बघा.

चौथी गोष्ट, बंप स्टॉप. गाडी खाली बसवणाऱ्या काही स्प्रिंगांसोबत तो किती कापायचा हे लिहिलेलं असतं. तेवढाच कापा, सहसा जाड बाजूने, म्हणजे निमुळतं टोक शाबूत राहतं. सूचना नसेल तर हात लावू नका. 'आता गरज नाही' म्हणून बंप स्टॉप काढूनच टाकला तर मोठ्या खड्ड्यात पिस्टन थेट तळाला आपटतो.

दोन नळ्यांचा शॉक खोक्यात आडवा पडलेला असतो, त्यामुळे आतल्या तेलात हवा मिसळलेली असू शकते. गाडीत असतो तसा उभा धरून तो चार-पाच वेळा सावकाश पूर्ण दाबा आणि ओढा. सुरुवातीला मध्येच लागणारी पोकळी गेली की तो तयार, आणि त्यानंतर बसवेपर्यंत आडवा ठेवू नका. एका नळीच्या गॅस शॉकला याची गरज नसते. नुसत्या तेलाच्या शॉकचा रॉड दाबून सोडल्यावर आपोआप वर येत नाही, म्हणून तो मेला असं समजू नका. गॅसचा मात्र आपोआप बाहेर आला पाहिजे. हाताने दाबून 'कडक' की 'मऊ' ठरवण्याला फारसा अर्थ नाही. शॉकची खरी ताकद वेगाबरोबर वाढते, आणि आपला हात तितका वेग देऊच शकत नाही.

भोकं जुळत नाहीत

आधी वरचे नट फक्त हाताने दोन आटे घ्या, आवळू नका. मग लोअर आर्मखाली (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याखाली) जॅक लावून नकल हळूहळू वर आणा. पहिला बोल्ट बसला की दुसऱ्या भोकासाठी निमुळता पंच घालून ते जुळवा. बोल्ट हातोड्याने ठोकून आत घातला तर आटे मार खातात आणि नट पहिल्याच फेरीला वाकडा चढतो.

लिंक बसत नाही याचं कारण बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूला असतं. एक चाक लोंबकळतंय आणि दुसरं जमिनीवर आहे, तर अँटी-रोल बार पिळलेलाच राहणार. दोन्ही बाजू सारख्या लटकवा किंवा सारख्या उचला, लिंक हाताने जागेवर सरकेल. ज्या गाडीत मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे तिथे दोन्ही शॉकचे खालचे बोल्ट काढून बीम एकदमच खाली घ्या. स्प्रिंगा हाताने निघतात, कॉम्प्रेसरची गरज नाही. बीम उतरवताना ब्रेक होजकडे लक्ष असू द्या, तीच आधी ताणली जाते.

स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या भोकांत थोडी ढील असते. चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर ढकलून आवळलं तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदलतो. खोलण्याआधी तिथे रंगाची रेघ मारून ठेवली असेल तर तीच जुळवा.

आवळायचं कुठल्या उंचीवर

रबर बुशच्या आतली धातूची नळी बोल्ट आवळला की ब्रॅकेटला घट्ट चिकटते. बाहेरची नळी आर्ममध्ये पक्की असते. आर्म वर-खाली होतो तेव्हा या दोघींमधलं रबर पिळलं जातं, सरकत नाही. आता चाक लोंबकळत असताना तो बोल्ट पूर्ण आवळला तर रबराची 'शून्य' जागा लोंबकळती ठरते. गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, खड्डा आला की आणखी पिळतं, आणि काही दिवसांनी फाटतं. तोवर ते स्वतःच स्प्रिंगसारखं काम करत गाडी काही मिलीमीटर वर ढकलून धरतं. मग लोक म्हणतात, 'स्प्रिंग लावली पण गाडी बसलीच नाही', किंवा 'एक बाजू उंच राहिली', किंवा 'फारच कडक झाली'. तिन्ही तक्रारींचं मूळ एका बोल्टमध्ये असू शकतं.

म्हणून शॉकचा खालचा डोळा, लोअर आर्मचे आतले बोल्ट, मागच्या बीमचे किंवा ट्रेलिंग आर्मचे बोल्ट हे रबरातून जाणारे सगळे बोल्ट आधी नुसते टेकवून ठेवा. शेवटचा टॉर्क गाडी आपल्या उभ्या उंचीवर असताना द्या. बॉल जॉइंट, लिंकचे बॉल, स्ट्रट-नकलचे बोल्ट आणि टॉप नट यांना ही अट नाही. ते लटकत्या अवस्थेतही आवळता येतात. मोकळी फिरणारी पॉलियुरेथेन बुशही यातून सुटते, कारण तिच्यात नळी फिरते.

उंची कशी आणायची? सर्वात चांगला उपाय म्हणजे चार खांबांची लिफ्ट किंवा रॅम्प, जिथे चाकांवर वजन असतं आणि खाली शिरताही येतं. ते नसेल तर सुरुवातीला लिहून ठेवलेले आकडे काढा. समजा, चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंत आधी ३८० मिमी होते आणि नवी स्प्रिंग गाडी ३० मिमी खाली आणणार आहे. मग स्टँडवरच्या गाडीत लोअर आर्मच्या टोकाखाली जॅक लावून तेच अंतर ३५० होईपर्यंत उचला आणि तिथे आवळा. त्याआधीच गाडी स्टँडवरून उचलली जायला लागली तर ही पद्धत सोडून रॅम्पकडे वळा.

आधीच चुकीचं आवळलं असेल तरी बिघडत नाही. चाकांवर वजन ठेवून ते बोल्ट सैल करा, गाडी दोन-चार वेळा दाबून हलवा आणि पुन्हा आवळा. आवळून झालेल्या प्रत्येक नटवर रंगाची एक रेघ ओढा. पुढे आवाज आला की कोणता नट हलला हे एका नजरेत कळतं.

आवाज ओळखायचा कसा

आवाज कधी येतो हे कुठून येतो यापेक्षा जास्त सांगतं. पत्र्यातून आवाज फिरतो, मागचा पुढे ऐकू येतो. त्यामुळे आधी तो मुद्दाम, हवा तेव्हा काढून दाखवता आला पाहिजे. आणि डिकीतला सुटलेला जॅक किंवा स्टेपनी आधी काढून बघा. हसू येईल, पण आवाज तिथूनच येत असल्याचं बऱ्याचदा निघतं.

कमी वेगात, बारीक उंचवट्यांवर टकटक होत असेल तर लिंक, टॉप नट आणि स्लीव्ह हे तीन संशयित. दोन्ही लिंक सोडवून बाजूला बांधा आणि मोकळ्या जागेत अगदी सावकाश थोडं अंतर चालवून पाहा. वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त कलेल, वेग वाढवू नका. आवाज गेला तर लिंक किंवा बारचं बुश. राहिला तर बॉनेट उघडून कुणाला तरी टॉप माउंटवर हात ठेवायला सांगा आणि गाडीचा कोपरा दाबून हलवा. ठोका हाताला जाणवतो.

उभ्या गाडीत स्टीयरिंग वळवताना 'टण्ण' असा ताणून सुटल्यासारखा आवाज आला तर स्प्रिंग पिळली जाऊन सुटते आहे. एकाने स्टीयरिंग वळवावं, दुसऱ्याने स्प्रिंगच्या बाहेरच्या वेटोळ्याला बोटं नुसती टेकवून पाहावं, आत घालू नये. बेअरिंग नीट असेल तर स्प्रिंग स्ट्रटबरोबर फिरते, अडखळत नाही. अडखळली तर बेअरिंग उलटं आहे किंवा स्प्रिंगचं टोक खाचेबाहेर आहे.

ब्रेक दाबताना एकदा 'खट्' आणि रिव्हर्स घेताना पुन्हा एकदा 'खट्' असेल तर शॉकचा खालचा किंवा लोअर आर्मचा बोल्ट सैल आहे, नाहीतर कॅलिपरचा. हा आवाज आला तर गाडी पुढे नेऊ नका, आधी नट तपासा.

सावकाश वर-खाली होताना कुरकुर आली तर एकेका बुशवर पाणी शिंपडा. ज्याच्यावर पाणी पडल्यावर आवाज काही वेळ थांबतो, ते बुश. पॉलियुरेथेनला त्याचं स्वतःचं ग्रीस लागतं. पेट्रोलियम ग्रीस रबराला लावू नका, रबर फुगतं.

'फुस्स' असा हलका आवाज काही शॉकमध्ये व्हॉल्व्हमधून तेल जाताना येतो, विशेषतः थंड असताना. त्याच्यामागे लागू नका. मोठ्या खड्ड्यात बसणारा 'धप्प' मात्र बंप स्टॉपचा असतो, आणि तो वारंवार येत असेल तर शॉकला दबायला मिळणारी जागा, म्हणजे प्रवास, कमी पडतो आहे.

गाडी एका बाजूला कलली

जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजू नका. टायर जमिनीला धरून राहतात आणि चाकं बाहेर सरकू शकत नाहीत, त्यामुळे गाडी उंच दिसते. काही मीटर पुढे-मागे न्या, मग मोजा. नवी स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये अजून थोडी बसते.

कलल्यासारखी वाटली तर त्याच जागी गाडीचं तोंड उलटं करून पुन्हा मोजा. कललेली बाजू बदलली तर दोष जमिनीचा आहे. नाही बदलली तर बुशचे बोल्ट सैल करून पुन्हा आवळा, स्प्रिंगचं टोक आणि बशीतला रबर पॅड तपासा. एवढं करूनही फरक राहिला तर पुढच्या दोन स्प्रिंगा आपापसांत बदला. कल स्प्रिंगबरोबर सरकला तर दोष स्प्रिंगचा. कारण तिरपंही असू शकतं. मागची डावी स्प्रिंग खाचेबाहेर राहून उंच बसली, तर पुढची उजवी बाजू खाली दबलेली दिसते. डाव्या-उजव्यात पाचेक मिमी फरक असेल तर मी त्याच्या मागे लागणार नाही. दहाच्या पुढे गेला तर कारण शोधायलाच हवं.

कडक लागते, नाहीतर डुलते

गाडी ३० मिमी खाली आली म्हणजे वर जाण्यासाठी असलेला प्रवास तेवढाच कमी झाला. मग अंगाला जाणवतो तो कडकपणा स्प्रिंगचा नसून बंप स्टॉपचा असू शकतो. रॉड उघडा दिसत असेल तर त्याच्यावर प्लास्टिकचा टाय हलकेच बांधून नळीशी सरकवा आणि नेहमीच्या रस्त्यावर फिरून या. टाय जिथे ढकलला गेला तिथवर शॉक दबला. तो बंप स्टॉपच्या खाली येऊन थांबला असेल तर शॉक रोज त्याच्यावर आपटतो आहे. टायरमधली हवाही पाहा. जास्त हवा शॉकचं नाव खराब करते.

उलट, खड्ड्यानंतर गाडी दोन-तीन हेलकावे खात असेल तर स्प्रिंग कडक आणि शॉक जुनाच, अशी जोडी आहे का बघा. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर गाडी तितक्याच हेलकाव्यांत थांबवायला शॉकची ताकद साधारण १४ टक्के जास्त लागते. थकलेला मूळ शॉक ती कुठून आणणार?

कडकपणा बदलता येणारा शॉक असेल तर नॉब पूर्ण कडक बाजूला हलक्या हाताने नेऊन तिथून क्लिक मोजा आणि डावी-उजवी बाजू सारखी ठेवा. सुरुवात मधूनच करा आणि एका वेळी फक्त पुढची किंवा फक्त मागची जोडी बदला. सगळं कडक करून ठेवलं तर खराब रस्त्यावर चाक जमीन सोडतं आणि पकड उलट कमी होते.

कॉइलओव्हर (आट्यांवरची रिंग फिरवून उंची बदलता येणारा शॉक-स्प्रिंग संच) असेल तर उंची बदलण्याआधी आटे ब्रशने साफ करा, वाळूसकट रिंग फिरवली की ती तिथेच अडकते. चाक पूर्ण लोंबकळताना स्प्रिंग बशीत सैल व्हायला नको. होत असेल तर छोटी हेल्पर स्प्रिंग लागेल. टायर आणि शॉकच्या बशीतलं अंतर स्टीयरिंग दोन्ही टोकांना वळवून पाहा.

गाडी रस्त्यावर नेण्याआधी आणि नंतर

अलाइनमेंट टाळता येणार नाही. उंची आणि कॅम्बर बदलला की टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप, बदलतो, आणि टायरची आतली कड लवकर खाणारा गुन्हेगार बहुतेक वेळा टो असतो, नाव मात्र कॅम्बरचं घेतलं जातं. लगेच एकदा करून घ्या आणि स्प्रिंग बसल्यावर पुन्हा तपासा. मागे पॅनहार्ड रॉड (एक्सल आडवा सरकू न देणारी दांडी) असेल तर गाडी खाली आल्यावर एक्सल थोडा एका बाजूला सरकतो. फरक जास्त दिसला तर लांबी बदलता येणारा रॉड लागतो.

उंचीशी जोडलेल्या बाकीच्या गोष्टी सहज विसरल्या जातात. हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवा. उंची ओळखणारा सेन्सर असेल तर त्याची दांडी वाकलेली किंवा ताणलेली नाही ना, हे पाहा. स्टीयरिंग सरळ केल्यावर काही गाड्यांत स्टीयरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने पुन्हा शून्यावर आणावा लागतो, नाहीतर डॅशबोर्डवर स्टॅबिलिटीचा दिवा पेटतो. काही गाड्यांत मागच्या एक्सलला जोडलेला ब्रेकचा दाब-व्हॉल्व्ह असतो. गाडी खाली बसली की त्याला ती लादलेली वाटते आणि मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त पकडू लागतो. तो मॅन्युअलप्रमाणे पुन्हा जुळवावा लागतो.

पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि आधी ओढलेल्या रंगाच्या रेघा पाहा. रॉडवर तेलाची पुसट ओल दिसली तर पुसून टाका आणि आठवड्याने पुन्हा बघा. सीलला वंगण घालणारी तेवढी ओल चालते. नळीवरून ओघळ आला किंवा थेंब लोंबला तर मात्र नव्या शॉकवर बोट ठेवायला हरकत नाही. आता वॉरंटीसाठी फोटो काढा, टॉर्कचे आकडे लिहिलेला कागदही सोबत ठेवा.

जुने गॅस शॉक भंगारात देताना कापू नका आणि आगीत टाकू नका, आत दाब असतो. दाब सोडायचा असेल तर बनवणाऱ्याने जिथे आणि जसं सांगितलं आहे तिथेच, डोळ्यांवर चष्मा लावून आणि वर जाड कापड धरून बारीक भोक पाडा. आत उरलेलं तेल डब्यात जमा करून वापरलेल्या इंजिन ऑइलबरोबर द्या.